केशवरावांची निवड

रामदासपेठेतल्या वाचनालयात केशवराव पुस्तक सुचवायचे तेव्हा बघत राहावं. दवाखान्यात पडलेल्या माणसासाठी कुणी आलं, की ते कादंबरीला हात लावू देत नसत. "गोष्टीचं न्या गा. एक संपली की झोप लागते." केशवरावांइतका वाचलेला माणूस अख्ख्या नागपुरात नाही, असं लोक म्हणत.

खरं सांगायचं तर केशवरावांनी वीस वर्षांत एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. वाचायच्या त्या त्यांच्या बायको, यमुताई. नवीन पुस्तक आधी घरी जायचं, आणि जेवायला वाढता वाढता त्या सांगायच्या, हे कोणाले द्या, कोणाले देऊ नका. केशवराव दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पीत होते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प होते.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात यमुताई गेल्या. तेरावं झालं आणि केशवराव कामावर आले. रडले नाहीत. भाजीत मीठ आहे की नाही तेही त्यांना कळत नसे. भीती एवढीच, की आता कुणी विचारलं तर काय सांगायचं? आठवत होती ती चार जुनी नावं ते फिरवून फिरवून देत राहिले.

दिवाळीच्या सुमाराला भीमाबाई आल्या. नंदनवन भागातल्या शाळेत शिकवायच्या, कथासंग्रहाशिवाय काही न्यायच्या नाहीत. केशवरावांनी काढून दिलेलं पुस्तक टेबलावर ठेवून त्यांनी एकविसावं पान उघडलं. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून तिथले वाचक त्या पानावर पेन्सिलीनं आपापली खूण करत. कुणाची फुली, कुणाचं फूल.

"हा माझा त्रिकोण, मार्चातला. तुमी मले हे तिसऱ्यांदा देऊन राहिले, भाऊ. मागच्या वेळी मी काही बोलली नाही."

केशवरावांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. "मी वाचतच नाही, बाई. यमू वाचे. मी नुसता निरोप्या."

"मालूम आहे. सगळ्यायले मालूम आहे. वैनी बाजारात भेटल्या की विचारत, कशी वाटली गोष्ट म्हणून. तुमाले सांगू नका म्हणत."

भीमाबाईंनी कपाटातून एक संग्रह काढला. "आता आमी तुमाले सांगतो. तिसरी गोष्ट वाचा, सातच पानं आहेत. मी बसली इथं."

केशवराव ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. एका माणसानं लेकीच्या लग्नासाठी शेजाऱ्याचा कोट मागून आणलेला, आणि डाग पडेल म्हणून शेजारी मांडवभर त्याच्या मागे मागे. पाचव्या पानावर केशवरावांना हसू आलं. औषधाच्या दुकानातले मारोतराव थेट त्या शेजाऱ्यासारखे, हे त्यांनाच द्यायला हवं. जेवताना यमूला सांगू, असं त्यांच्या मनात आलं.

पाच महिन्यांनी, त्या क्षणी, ती नाही हे त्यांना कळलं. त्यांनी पुस्तकावरच डोकं टेकलं आणि ते रडू लागले.

दारात कुणी पुस्तक बदलायला आलं होतं. भीमाबाई उठल्या आणि त्यांनी त्याला थोड्या वेळानं यायला सांगितलं.