पार्कातलं कुलूप

विभावरीने कुलूप मुठीत धरलं आणि खाली ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही. झोपाळ्यांच्या मागे असलेलं बायकांच्या टॉयलेटचं हे दार दोन उन्हाळे बंद होतं. कुणीतरी भिंतींवर रंग फवारला, तेव्हा शहराच्या कौन्सिलने तात्पुरतं म्हणून कुलूप घातलं होतं. आता त्यावर गंज चढायला लागला होता.

"अगं, ओढून निघण्यासारखं असतं तर आम्हीच नसतं का काढलं?" बाकावरून आशालताकाकू म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी स्नेहलताबाई आणि श्यामलाबाई बसल्या होत्या. तिघी पुण्या-मुंबईहून परदेशात मुलांकडे, सँडरिंगहॅमला राहायला आलेल्या. दिवसभर घरात कुणी नसायचं, म्हणून जेवणं झाली की त्या पार्कात येऊन बसायच्या. घरं लांब, गुडघे दुखरे; मध्येच उठून जाऊन येणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी आपापसात उपाय काढला होता. पार्कात यायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही.

विभावरीला हे कळलं ते मेन रोडवरच्या फार्मसीत, जिथे ती काम करायची. लघवीच्या जळजळीवरची पुडी मागायला या तिघींतली एकेक जण यायची. प्रत्येकीने आवाज खाली आणून सांगितलं होतं की औषध शेजारणीसाठी हवंय.

"आज सभेत विचारणार आहे मी," विभावरी म्हणाली.

"विचार की." आशालताकाकूंनी पदर सारखा केला. "फक्त माझं नाव नको. पोराला चारचौघांत कसं वाटेल?"

पोरगा म्हणजे प्रमोद. ऑक्टोबरच्या निवडणुकीत तो इथली स्थानिक कामं पाहणाऱ्या कम्युनिटी बोर्डावर निवडून आला होता. इथल्या मराठी मंडळींतून निवडून आलेला तो पहिलाच. मराठी मंडळाने त्याला शाल दिली, मिठाईच्या दुकानातून पेढे आले. मतपत्रिका टपालाने घरी आली, तेव्हा आशालताकाकूंनी चष्मा पुसून, देवापुढे बसून ती भरली होती.

विभावरी ज्या ग्रुपमध्ये काम करायची, तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. निवडून येणाऱ्यांना लोकांसमोर जाब विचारता यावा म्हणून हेदर नावाच्या निवृत्त शिक्षिकेने गल्लीतल्या चार घरांना घेऊन तो सुरू केला होता. मतदानाआधी त्यांनी जवळच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची एक सभा घेतली. त्या सभेत प्रमोदने पार्कातलं टॉयलेट उघडायचं कबूल केलं होतं. आता निकाल लागून महिना उलटला होता, आणि निवडून आलेल्यांना पुन्हा त्याच हॉलमध्ये बोलावलं होतं. विभावरीकडे खुर्च्या मांडायचं काम होतं, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना बोलणं मराठी-हिंदीत समजावून सांगायचं. स्वतः प्रश्न विचारायला ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, श्रीनाथने, तिला गाडीतून हॉलवर सोडलं. इंजिन बंद करून तो तसाच बसून राहिला.

"विभा, दुसरा काही प्रश्न नाही का?"

"आहेत. ते दुसरे लोक विचारतील."

"आपला एक माणूस पहिल्यांदा तिथे बसलाय. सगळ्या गोऱ्या लोकांसमोर तू त्याला काय विचारणार, तर संडासाचं कुलूप?"

विभावरीने सीटबेल्ट सोडला. श्रीनाथ पुढे बोलला नाही, पण तो काय बोलत नव्हता ते तिला ठाऊक होतं. नव्याने या देशात आले तेव्हा दोघं प्रमोदच्याच घरी राहिले होते. श्रीनाथला नोकरी लागेपर्यंत आशालताकाकूंनी त्यांना रोज गरम जेवायला वाढलं होतं, आणि एकदाही त्याचा उल्लेख केला नव्हता.

"त्याने शब्द दिलाय, श्रीनाथ. मी त्याच सभेत होते. त्याचं ते वाक्य मीच मराठीत सांगितलं होतं."

ती उतरली आणि दार हळू लावलं.

हॉल भरला. पहिल्या रांगेत आशालताकाकू नारायणपेठ नेसून बसल्या होत्या, मागच्या रांगेत बाकीच्या दोघी. विभावरी काकूंच्या शेजारी बसून जे चाललं होतं ते हलक्या आवाजात सांगत राहिली. प्रमोद छान बोलला. त्याला बोलायची हातोटी होतीच. पुढच्या दिवाळीत मेन रोडवर दुतर्फा रोषणाई करायची, खांबाखांबावर दिवे लावायचे, असं त्याने जाहीर केलं. दुकानदार राजी आहेत, बोर्डाच्या पैशातून हे पहिलं काम होईल, असंही म्हणाला. टाळ्या पडल्या. श्रीनाथने मागे उभं राहून जोरात वाजवल्या.

हेदरने प्रश्न मागितले. विभावरी उठली. तिने हात पुढच्या टेबलावर टेकवला.

"मतदानाआधी याच हॉलमध्ये तुम्ही पार्कातलं बायकांचं टॉयलेट उघडायचं कबूल केलं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "आज दुपारी मी पाहून आले. ते बंद आहे. कधी उघडणार?"

कुणीतरी हसलं. प्रमोदही हसला, पण त्याचे कान लाल झाले. दुरुस्तीचा खर्च, पुन्हा भिंती रंगल्या तर काय, असं तो थोडं बोलला. मग तिच्याकडे पाहत म्हणाला, "खरं सांगायचं तर निवडून आल्यापासून माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. आपले ज्येष्ठ लोक तिथे मजेत बसतात. कुणाला त्रास होत असेल तर त्या व्यक्तीचं नाव सांगा, मी स्वतः त्यांना भेटेन."

सगळे विभावरीकडे पाहायला लागले. तिने खाली पाहिलं नाही.

"नावं मी सांगणार नाही. ती मला औषधाच्या दुकानात कळली आहेत. आणि दिलेला शब्द पाळायला नाव कशाला लागतं?"

"मग मी समजायचं काय?" प्रमोदने हात पसरले. मागून पुन्हा हसू आलं, या वेळी जरा मोठं. तिच्या पाठीमागे कुणीतरी मराठीत पुटपुटलं, "पुरे आता."

आशालताकाकूंनी तिची बाही ओढली. "काय म्हणतोय तो?"

 विभावरीने वाकून प्रमोदचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. एकही तक्रार नाही. सगळे मजेत बसतात. त्यात तिने आपला शब्द घातला नाही, त्यातला एक गाळलाही नाही.

काकूंनी ऐकून घेतलं. मग खुर्चीच्या पाठीचा आधार घेत त्या सावकाश उठल्या.

प्रमोदने माईकवर हात ठेवला, पण आवाज पहिल्या रांगांपर्यंत आलाच. "आई, बाथरूम बाहेर आहे. डावीकडे."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "इथलं उघडं असतं."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मागच्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. श्यामलाबाई उठल्या होत्या. मग स्नेहलताबाई.  तिघी फक्त उभ्या होत्या.

हेदरने विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

विभावरीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी होकारार्थी मान हलवली.

"त्या म्हणाल्या, इथलं टॉयलेट उघडं असतं," विभावरीने इंग्रजीत सांगितलं.

या वेळी कुणी हसलं नाही. प्रमोदने समोरच्या ग्लासातलं पाणी पिण्यासाठी उचललं आणि न पिताच खाली ठेवलं. सोमवारी कौन्सिलमध्ये जाऊन विचारतो, असं तो म्हणाला. हेदरने कोणत्या सोमवारी ते विचारलं, त्याने दिलेली तारीख फळ्यावर लिहिली, आणि पुढच्या सभेत याच विषयापासून सुरुवात होईल असं सांगून दुसरा प्रश्न घेतला.

सभा संपली. मंडळाची माणसं विभावरीला टाळून दाराबाहेर पडली. एरवी गळ्यात पडणारी एक मैत्रीण फोनमध्ये पाहत शेजारून गेली. विभावरी खुर्च्या मिटवून भिंतीशी लावत राहिली. थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाला कुणीतरी खुर्च्या मिटवतंय असं तिला जाणवलं. श्रीनाथ होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

दारात प्रमोद गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. "आई, चल. उशीर होतोय."

"आले," म्हणत आशालताकाकू उलट दिशेने, विभावरीकडे आल्या. मिटवलेल्या खुर्चीवर त्यांनी हात ठेवला.

"विभा, तुमच्या या ग्रुपमध्ये यायचं तर काय लागतं? इंग्रजी?"

"छे, इंग्रजी नाही लागत, काकू."

"मग?"

विभावरीने दाराकडे नजर टाकली. "एकच नियम आहे. निवडून आलेल्यांपैकी कुणाच्याही बाजूचं असायचं नाही."

काकूंनी मागे वळून मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचा टाय वाकडा झाला होता.

"जमेल," त्या म्हणाल्या.