एकाच भांड्यातल्या काचा

"तुमचा हात बिघडलाय, बाई." विभागप्रमुखांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच निकाल दिला. "किती धुतलंत? सगळं कोरं! पुन्हा रंगवा."

प्रयोगशाळेत जिला सगळे रंगारीण म्हणत, त्या बाईने काचांचा ट्रे जवळ ओढला. उंदरांच्या मेंदूचे पापुद्र्यासारखे काप काचेवर चढवायचे आणि जांभळ्या रंगात बुडवायचे, हे ती सव्वीस वर्षं करत आली होती. रंग जिवंत चेतापेशींना चिकटून राहतो. उरलेला अल्कोहोलमध्ये धुवून काढायचा. धुणं लांबलं तर जित्या पेशीही फिक्या पडतात. त्यामुळे फिक्या काचेचं खापर फोडायला रंगवणारीचं डोकं आयतंच सापडतं.

पण तिची एक जुनी शिस्त होती. कंपवातावरचं नवं औषध दिलेल्या उंदरांच्या आणि नुसतं पाणी दिलेल्या उंदरांच्या काचा ती एकाआड एक लावून एकाच भांड्यात धूत असे. हात चुकलाच, तर दोन्हींवर सारखा चुकावा. आज पाण्याच्या काचा गर्द जांभळ्या होत्या, औषधाच्या जवळजवळ रित्या. आणि ही तिसरी खेप होती.

"सर, शेजारशेजारच्या काचा आहेत. भांडं एकच होतं."

"मग दोन करा. औषधाच्या वेगळ्या धुवा, निम्माच वेळ. सोमवारी अहवाल जायचाय." ते हसले. "निवृत्तीला किती राहिलं तुमच्या? दीड वर्ष ना?"

विज्ञानात शंकेला फार मान असतो; शंका घेणाऱ्याच्या निवृत्तीची मात्र आधी चौकशी होते.

तिची पाचावर धारण बसली, ती नोकरीपायी नव्हे. उंदरांची दीर्घ चाचणी संपायच्या आतच औषध माणसांना द्यायला सुरुवात झाली होती, आणि आठ महिने ते तिच्या धाकट्या बहिणीच्या पोटात रोज जात होतं. चाचणीत नाव घालायचा फॉर्म तिनेच हौसेने घरी नेला होता.

संध्याकाळी निघण्यापूर्वी तिने नोंदवहीत लिहिलं: तीन वेळा धुतलं, भांडं एकच, फरक कायम. खाली सही केली. त्या पानाची प्रत आणि सहा काचा तिने चाचणीच्या देखरेख समितीच्या कार्यालयात नेऊन दिल्या आणि पोच घेतली. 

घरी धाकटी कापड बेतत बसली होती.

"ताई, बघ! एका दमात दोरा ओवला. कंप कुठं पळाला कुणास ठाऊक."

"पळाला नाही गं." ताई चप्पल न काढताच खाली बसली. "एक पेशी दुसरीला निरोप धाडते, तेव्हा हात स्थिर राहतो. हे औषध त्या दुसरीच्या दाराशी बसून स्वतःच निरोप देतं. धाडणारी जिवंत आहे की नाही, दाराला कळत नाही. उंदरांत धाडणाऱ्या मरतायत. जास्तच वेगानं."

धाकटीने कात्री खाली ठेवली. "माझ्या किती मेल्या?"

"माहीत नाही. उंदरांचा मेंदू बाहेर काढून मोजतात."

"माझा काढ मग. तू तर लहानपणापासून म्हणतेस, तिथं मोजण्यासारखं काही नाही." ती हसायला गेली, हसू अर्ध्यावर अडलं. "आठ महिने, ताई! तूच म्हणालीस ना, घरचंच औषध आहे म्हणून?"

"म्हणाले होते."

 मग धाकटीनेच विचारलं, "बंद केलं तर पुन्हा सुरू होईल ना हाताचं?"

"होईल."

चाचणीच्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत तीन आठवड्यांत बंद केली. बाहेर पडण्याच्या कागदावर सही करायला दोघी कार्यालयात गेल्या, तेव्हा धाकटीचा उजवा हात टेबलावर टकटक वाजत होता. पूर्वी इतका वाजत असे का? ताईने आठवून पाहिलं, आणि मग आठवायचीच तिला भीती वाटू लागली.

कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा चालेल, मावशी."

"सही येते मला."

ताईचा हात मदतीला उचलला गेला. तो तिने मांडीखाली दाबून धरला. अक्षरं एकेक करत चढली, घसरली. शेवटची रेघ चौकट सोडून थेट टेबलावर गेली. धाकटीने कागद नीट सरळ केला आणि पेनाला टोपण लावायला घेतलं. कारकून दुसरीकडे बघू लागला. चौथ्या प्रयत्नात ते बसलं.