ज्ञानूकाकांचे ताट

कुंडलच्या नाथाजींचा मुलगा गुंडाजी, गुंडाजींचा मुलगा आण्णा. तिन्ही पिढ्या पलटणीत गेल्या आणि एकानेही शत्रूला पाठ दाखवली नाही, असे घरात अभिमानाने सांगत. आण्णांची लेक संयोगिता मात्र एकदा पाठ दाखवून बसली होती, तीही आपल्याच दारी.

तेव्हा ती कराडला पदार्थविज्ञान शिकत होती. भावकीतले ज्ञानूकाका मिरजेहून घशाला किरणांचा शेक घेऊन आले आणि गावात बोलवा उठली, की त्यांच्या अंगातून आता किरणे बाहेर पडतात. संयोगिताच्या थोरल्या भावाच्या लग्नात पंगत मांडवात बसली; काकांचे ताट तेवढे गोठ्यात मांडले गेले. यंत्र बंद होताच किरणे संपतात, अंगात काही उरत नाही, हे त्या मांडवात एकट्या संयोगिताला ठाऊक होते.

"पोरी, तू शिकल्याली हाईस," काका म्हणाले, "सांग की ह्यांस्नी."

आजीने डोळे वटारले. संयोगिताने मान खाली घातली. त्या घराला ते शोभणारे नव्हते. काका न जेवता उठले. वर्षाच्या आत ते गेले.

सव्वीस वर्षे लोटली. अणुसंशोधन प्रयोगशाळेच्या लोकशिक्षण विभागाची प्रमुख होऊन ती सातारा-सांगलीच्या शाळाशाळांतून नेमके तेच सांगत हिंडली. कुंडलची तारीख मात्र दरवर्षी काहीतरी निमित्त काढून ती पुढे ढकलत राहिली. यंदा काकांच्या मागे राहिलेल्या रंगूकाकूंचा फोन आला.

"आमच्या सुनंला, स्वप्नालीला बी शेक चाललाय. बचत गटातल्या बाया तिचा कप वायला, बाजूला ठिवत्यात. तू येतीस, का तिचं बी ताट गोठ्यात मांडू?"

संयोगिता त्याच आठवड्यात आली.

शाळेच्या पटांगणात गाव जमले. किरणे मोजण्याचे यंत्र अधूनमधून टक करी. "ही मातीतली, आभाळातली. सगळीकडे असतातच," ती म्हणाली. उसाला घालायच्या पोटॅशच्या पोत्याला यंत्र लावताच टकटक वाढली.

"आगं बया, ह्यो माल तर माझ्या घरात, सोप्यात हाय!" बचत गटाची चंद्राबाई किंचाळली.

"मग चंद्रे, तुजाच कप वायला ठिवाय पायजे," रंगूकाकूंनी टोला हाणला. मंडळी खो खो हसली.

"घाबरू नका, एवढ्याने काही होत नाही," म्हणत संयोगिताने यंत्र स्वप्नालीच्या खांद्याशी धरले. टक. बऱ्याच वेळाने पुन्हा टक. पोत्याइतकेही नाही.

आता तिने यंत्र बंद केले.

"हे मला आमच्या मांडवातही ठाऊक होते. ज्ञानूकाकांनी सांगायला सांगितले, आणि मी आजीला भ्याले. गावाला ठाऊक नव्हते. मला होते."

चंद्राबाई उठली, स्वप्नालीला चहा दिला, आणि तिचा रिकामा कप आपल्या कपात घालून विसळायला घेऊन गेली.

दुपारी रंगूकाकूंनी संयोगिताला घरी नेले. फळीवरून एक पितळी ताट काढून पुसले. "शेवटपतुर ते ह्यातच जेवले. येगळं."

त्या ताटात संयोगिता आणि स्वप्नाली एकत्र जेवल्या. संयोगिताने भाकरीचा घास मोडून तसाच ताटात ठेवला.

"ऐकायला काका नाहीत, काकू."

"न्हाईत. म्हनून त्येंच्या वाटचं बी मीच ऐकलं." काकूंनी तिच्या पुढ्यात आणखी अर्धी भाकरी वाढली. "तुजं समदं फिटलं, पोरी. जेव आता."