दुसऱ्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

धनराजने तीस वर्षं कचेरीतले कागद सहा गठ्ठ्यांत लावले होते. पहिल्यात आजचं काम, दुसऱ्यात कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारं, आणि असं करत करत सहाव्यात फाडून टाकायचं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दुपारी या भल्या माणसाने घरची पेटी उघडली आणि घरचे कागदही तसेच लावायला घेतले.

हात सवयीने चालत होते, डोळे मिटत होते. खिडकीतून कडुनिंबाचा मोहर कागदांवर उतरत होता. लाल फडक्यातले गठ्ठे हळूच श्वास घेताहेत, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात एक चिठ्ठी हाती आली. लग्नाच्या वर्षी चंदाबाईने माहेरून धाडलेली. 'मले एक डाव मंगरूळपीरच्या उरुसातल्या मोठ्या पाळण्यात बसवाल काय?' कोपऱ्यात धनराजच्याच अक्षरात तारखेसह शेरा होता, 'पाहून कळवतो.' पेंगतच त्याने ती दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवली.

चंदाबाई चहा घेऊन आली. आपली चिठ्ठी तिने लांबूनच ओळखली.

"हे इथं कायले ठेवली?"

"उत्तर यायचं हाये," तो झोपेतच पुटपुटला.

"कोनाचं?"

धनराजचे डोळे खाडकन उघडले. खोलीत तो सोडून उत्तर देणारं कुणीच नव्हतं.

चंदाबाईने चिठ्ठी उचलली, पहिल्या गठ्ठ्यावर ठेवली आणि खुंटीवरची त्याची टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"उरूस चालू हाये. चारची यष्टी हाये. चहा पिऊन घ्या."