टाकळ्याची कॉफी

मोरीत मांजरीने ताटली पाडली, तशी तेजश्री दचकून जागी झाली. घर अगदी गप्प होतं. ऊन भिंतीवरच्या घड्याळापर्यंत चढलेलं. सव्वानऊ.

समोर चटईवर कमलेश, तिचा धाकटा दीर, तोंड उघडं टाकून झोपला होता. पाचला त्याला उठवायचं होतं. खालापूरहून सहाची एसटी आणि मुंबईत दहाला डॉक्टरकीचा राहिलेला पेपर. हा चुकला की सोबतची पोरं पुढे जाणार, हा मागे.

पाचला ती उठली होतीच. त्याच्या खांद्यापाशी हात नेला आणि तिथंच थांबली. अकरा दिवस हा माणूस कॉफीवर जगत होता. हात असे थरथरायचे की भाताचा घास तोंडापर्यंत जाईना. "झोपलो की सगळं विसरतो, वहिनी," म्हणायचा आणि कप पुढे करायचा. शेवटी तिने ठाकूरवाडीच्या भागूबाईकडून टाकळ्याचं बी आणलं. "भाजून कुट. कॉफीवानीच लागतं, पन झोप नाय उडवत," भागूबाईने सांगितलं होतं. काल दुपारपासून कॉफी म्हणून तेच दिलं, साखर जरा जास्त घालून.

अर्धा तास झोपू दे, पुढची गाडी गाठेल, म्हणून ती उशाशी टेकली होती. तेवढंच.

"भावजी, उठा."

कमलेशने घड्याळाकडे पाहिलं. ओरडला नाही, पुस्तक मिटून बाजूला सारलं.

"मी तुमाला उठवायला पायजे होतं."

"तुमी तुमच्या हर्षूला सांभाळता का मला? पेपर माझा, झोप माझी." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "चार कप पिऊन झोपलो, वहिनी. आता कॉफीपण लागू पडत नाय मला."

त्याने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "जागायच्या हायत. होस्टेलची पोरं घेतात, मी भीत होतो. परवाचा पेपर तरी हातचा जाऊ नये. दोन-दोन घेईन."

तेजश्रीने पट्टीकडे पाहिलं. सांगितलं तर हा पुन्हा तिच्या हातचं पाणी पिणार नाही. नाही सांगितलं तर त्या गोळ्या पोटात जाणार.

"भावजी, ती कॉफी..."

"ऱ्हाऊ द्या आता ती कॉफी." त्याने अंगठ्याने एक गोळी दाबून बाहेर काढली.

चार वर्षांची हर्षला डोळे चोळत आली. काकाच्या मांडीला टेकून तिने रिकामा कप उचलला.

"आई, काकाला अजून टाकळ्याचीच कॉफी करायची का गं?"