तुझे अकरा ते माझे अकरा

मी एक घडीचं, उशाशी ठेवायचं गजराचं घड्याळ. माझ्याशी काय हव्या त्या गप्पा मारा, फक्त किती वाजले ते विचारू नका. घड्याळाने असं म्हणावं हे शोभत नाही, मला कळतं. पण माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही मला वेळ विचारणार नाही.

माझा जन्म मोरबीच्या एका कारखान्यात झाला. मरून रंगाचं रेक्झिनचं कव्हर, सोनेरी काटे, मागे फिरवायची दोन बटणं आणि पोटात एक पेन्सिल सेल, एवढीच माझी मालमत्ता. तिथून मी नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानात आलो. दुकानात आम्हा सगळ्या घड्याळांना दहा वाजून दहा मिनिटांवर उभं केलेलं होतं. सकाळी दहा-दहा, दुपारी दहा-दहा, दुकान बंद होतानाही दहा-दहा. मला वाटलं, जगात एवढीच वेळ असते.

नरेश दहावीत गेला तेव्हा त्याच्या आईने मला विकत घेतलं. घरी आल्याबरोबर तिने सेल घातला, रेडिओवरच्या बातम्यांशी मला जुळवलं आणि मग शांतपणे दहा मिनिटं पुढे ढकललं.

"पुढंच असलेलं बरं," ती म्हणाली. "पोरगा वेळेवर उठंल."

पोरगा काही वेळेवर उठला नाही. मी दहा मिनिटं पुढे आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो माझ्यातून दहा वजा करून पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचा. आईलाही ठाऊक होतं की तो वजा करतो. मग मला पुढे ठेवून उपयोग काय, हे मला त्या घरात कुणी सांगितलं नाही. माझ्याकडे बघून "साडेसात दिसतायत, म्हणजे सात-वीस" असं सगळे म्हणायचे. जे दिसतं ते नसतं, एवढं मात्र मी तिथे शिकलो.

पुढे नरेश इंजिनिअर झाला, सुनेत्राशी त्याचं लग्न झालं आणि दोघं आयर्लंडला आली. आईने मला त्यांच्या बॅगेत टाकलं. डब्लिनमध्ये सँट्रीला, विमानतळाच्या जवळ, त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. तिथे तर माझं डोकंच फिरलं. हिवाळ्यात माझ्यात चार वाजलेले आणि बाहेर काळोख. उन्हाळ्यात माझ्यात दहा वाजलेले आणि बाहेर लख्ख उजेड, खाली पोरं फुटबॉल खेळतायत. वर दर मार्चमध्ये एका रविवारी सुनेत्रा मला एक तास पुढे करायची आणि ऑक्टोबरमध्ये तोच तास परत मागे. मी काय चूक केली होती ते मला कधी उमगलं नाही. हे सगळं करताना दहा मिनिटांची आगाऊ रक्कम मात्र कायम असायची, कारण सासूबाईंनी तसं लावून दिलं होतं.

मग सगळ्यांच्या मोबाइलवर गजर आले. मोबाइल तर मार्चमध्ये आपलं आपणच पुढे सरकतात, त्यांना कुणाला हात लावावा लागत नाही. माझी रवानगी प्रेसमध्ये झाली. भिंतीतल्या कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. चहाच्या डब्यांमागे मी चार वर्षं पडून होतो.

तिथून मला बाहेर काढलं ते श्रावणीने. श्रावणी ही नरेश-सुनेत्राची मुलगी, नऊ वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही डब्लिनच्या हेलात. तिला शाळेत टिन व्हिसल शिकवतात, म्हणजे पत्र्याची बारीक बासरी. घरात ती छान वाजवायची. पण नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर गेली आणि समोरची माणसं बघून थिजली. बासरी ओठांपाशी, सूर एकही नाही. त्या दिवसापासून ती स्टेजचं नाव काढू देत नव्हती.

मार्चअखेरीस एका रविवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा तिचा कार्यक्रम होता आणि नेमका तेव्हाच नरेश घरी नसणार होता. त्याच्या कंपनीने घानाच्या एका बँकेचं काम घेतलं होतं, त्यासाठी त्याला चार आठवडे आक्राला जायचं होतं. श्रावणीने एकच अट घातली. आईने पहिल्या रांगेत बसून मोबाइल उंच धरायचा आणि त्यात बाबाचा चेहरा दिसायला हवा. तो दिसला तर ती वाजवेल, नाहीतर नाही.

"तिकडे किती वाजलेले असतात?" तिने इंग्रजीत विचारलं.

"इथं जेवढे, तेवढेच," नरेश खुशीत म्हणाला. भारताशी बोलताना साडेपाच तास मिळवायची सवय असलेल्या माणसाला ही केवढी चैन. "तुझे अकरा ते माझे अकरा. काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही."

तरी श्रावणीने प्रेसमधून मला काढलं, नवा सेल घातला, घरच्या रिवाजाने दहा मिनिटं पुढे लावलं आणि त्याच्या बॅगेत शर्टांच्या मधे ठेवलं. "सो यू वोन्ट फरगेट," ती म्हणाली. एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता.

आक्राचं ते हॉटेल कामासाठी येणाऱ्या लोकांचं होतं. फार भारी नाही, फार साधं नाही. चार मजले, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं, नाश्त्याला उकडलेली अंडी, राजम्यासारखी उसळ आणि केळ्याचे तळलेले काप. नरेशची खोली चौथ्या मजल्यावर. दाराशी कार्ड खोचलं तरच खोलीत दिवे लागत आणि कार्ड काढलं की एसीही बंद. नरेशने पहिल्याच दिवशी तिथे डब्लिनच्या बसचं कार्ड खोचून ठेवलं, म्हणजे तो बाहेर गेला तरी खोली गार राहावी. त्या यंत्राला काही फरक कळला नाही. पाण्याच्या किटलीत तो सुनेत्राने दिलेलं तयार उपम्याचं पाकीट भिजवायचा आणि घरी फोन करून "मस्त झालाय" म्हणायचा. मी समोरच होतो. मस्त वगैरे काही नव्हता.

तिथे लाईट जायची. मग खाली जनरेटर घुरघुरायचा आणि पाच सेकंदांत सगळं परत यायचं. प्रत्येक वेळी टीव्हीखालचं इलेक्ट्रिकचं घड्याळ सगळं विसरून शून्यावर यायचं. माझी मात्र टिकटिक चालू. त्या खोलीत मला जरा ताठ्यात राहता आलं, हे कबूल करतो.

वायफाय मात्र चौथ्या मजल्यापर्यंत धड पोचत नसे आणि रोमिंग नरेशने बंद ठेवलेलं. म्हणून घरी बोलायचं तर तो खाली लॉबीत येऊन बसायचा. मला बरोबर आणायचा, कारण टेबलावर मला उघडून ठेवलं की मोबाइल माझ्या पाठीला टेकून उभा राहतो.

लॉबीच्या भिंतीवर चार घड्याळं होती. आक्रा, लंडन, न्यूयॉर्क, बीजिंग. आक्रा आणि लंडन दोघांत तंतोतंत तेच वाजलेले. एकच वेळ सांगायला दोन घड्याळं कशाला, हे मला पडलेलं कोडं. काउंटरवर अबेना नावाच्या बाई असत. त्यांनी नरेशला पहिल्याच आठवड्यात विचारलं, तुमचा जन्म कोणत्या वारचा? नरेशने नागपूरला आईला विचारलं. शुक्रवार निघाला. तेव्हापासून त्या त्याला "मिस्टर कोफी" म्हणू लागल्या. शुक्रवारी जन्मलेल्या पुरुषाला तिकडे कोफी म्हणतात. नरेशला ते फार आवडलं.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. नरेशने शर्टाला इस्त्री केली, श्रावणी बघणार होती ना. दाढी केली, केस बसवले, दोनदा माझ्याकडे पाहिलं. माझ्यात साडेदहा झाले, म्हणजे दहा-वीस. अकराला चाळीस मिनिटं होती. तो मला आणि मोबाइलला घेऊन खाली आला.

हॉटेलच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये रविवारची प्रार्थना चालू होती, ढोल वाजत होते. अबेनाबाई स्टुलावर चढून भिंतीवरच्या लंडनच्या घड्याळाचे काटे फिरवत होत्या.

"बंद पडलं का?" नरेशने सहज विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "लंडनवाले आज पुढे पळाले. दरवर्षी मार्चमध्ये पळतात. आम्ही आपले इथेच असतो."

नरेशने आक्राच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा-वीस. लंडनच्या पाहिलं. अकरा-वीस. लंडनचे ते डब्लिनचे, हे त्याला माहीत होतं. तेवढ्यात मोबाइलला वायफाय मिळालं आणि तो एकामागून एक आलेले निरोप दाखवू लागला. सात चुकलेले कॉल. मग सुनेत्राचा आवाज, दबक्या सुरात: "नरेश, अरे घे ना फोन. तिचं नाव पुकारलंय." दुसरा: "ती स्टेजच्या पायरीवर उभी आहे, माझ्या मोबाइलकडे बघतेय." आणि तिसरा, अगदी हळू: "झालं. वर गेली आणि उतरून आली. वाजवलंच नाही."

त्याने फोन लावला. मी मोबाइलच्या पाठीशी होतो, त्यामुळे चेहरे मला दिसले नाहीत. आवाज ऐकू आला.

"श्राऊ, सॉरी. मला वाटलं अजून..."

"इट्स ग्रँड, बाबा."

आयर्लंडमध्ये सगळंच ग्रँड असतं. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. पण हे ग्रँड मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यात काहीच ठीक नव्हतं.

"यू सेड," ती पुढे म्हणाली. "तुझे अकरा ते माझे अकरा." एवढंच ती मराठीत बोलली आणि फोन आईकडे दिला.

सुनेत्रा म्हणाली, आपल्याला वाटलं तिकडेही बदलतात घड्याळं. कुणीच नीट विचार केला नव्हता. अबेनाबाईंनी न मागता चहा आणून ठेवला, तो गार झाला. नरेश मला दोष देईल असं मला वाटत होतं. मी बरोबर होतो की चूक, मला तरी कुठे कळत होतं? आक्राच्या मानाने मी दहा मिनिटं पुढे होतो, डब्लिनच्या मानाने पन्नास मिनिटं मागे. माझ्यावर भरवसा ठेवलेल्या पोरीला मी तोंडघशी पाडलं, एवढंच खरं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आठवड्याने आम्ही घरी परतलो आणि सुनेत्राने मला नेहमीसारखं एक तास पुढे केलं. बासरी प्रेसमध्ये गेली होती, माझ्या जुन्या जागी, चहाच्या डब्यांमागे. श्रावणी शाळेत जायची, यायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. एका संध्याकाळी नरेश मला घेऊन तिच्या खोलीत गेला आणि तिच्या टेबलावर मला ठेवलं.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "मी न बघता वचन दिलं. तिथं घड्याळं बदलतच नाहीत."

"नेव्हर?"

"कधीच नाही. बारा महिने तेच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सो वी मूव्ड. नॉट देम."

तिने मला उचललं, वडिलांना मोबाइलवर आक्राची वेळ काढायला लावली आणि माझे काटे मागे फिरवले. तास गेला. दहा मिनिटंही गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी अगदी बरोबर चालू लागलो, आणि तेही जिथे होतो त्या घरासाठी नाही, जिथे नव्हतो त्या गावासाठी.

जूनमध्ये नरेश पुन्हा त्याच हॉटेलात गेला. जाताना कुणी काही वचन दिलं नाही. पण पहिल्या शनिवारी श्रावणीने बासरी बाहेर काढली आणि आईकडून बाबाला निरोप धाडला. उद्या त्याच्या घड्याळात दहा वाजता ती वाजवणार, फक्त त्याच्यासाठी. या खेपेला बाबा येतो का ते तिला बघायचं होतं.

त्याच आठवड्यात नरेशची आई नागपूरहून सुट्टीला आली होती. रविवारी सकाळी नातीची खोली आवरता आवरता तिची नजर माझ्यावर पडली.

"बाप्पा, हे तर आपलंच घड्याळ. किती मागं पडलं आहे. कोणी लक्षच देत नाही घरात."

तिने चष्मा लावला, मला स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरच्या वेळेशी जुळवलं, आणि मग जुन्या सवयीने दहा मिनिटं पुढे ढकललं. मला ओरडावंसं वाटलं. पण गजर लावलेला नसेल तर मला तोंड नसतं.

श्रावणी आंघोळ करून आली. तिने मला पाहिलं, ओव्हन पाहिला, पुन्हा मला पाहिलं.

"आजी, हू टच्ड इट?"

"मी लावलं. एक तास मागं होतं."

"दॅट्स बाबाज टाइम." तिचे डोळे भरले. मग ती इंग्रजी सोडून हळूहळू, एकेक शब्द शोधत म्हणाली, "आजी, ते मागे नाहीये. ते बाबाकडे आहे."

आजी कॉटवर बसली. सुनेने तिला सगळं सांगितलं, हॉटेल, हॉल, पायरीवर उभी राहिलेली पोर. आजीने मला नातीच्या हातात दिलं.

"घे, तास मागं घे. पण दहा मिनिटं राहू दे बाई. पुढंच असलेलं बरं."

श्रावणीने थोडा विचार केला. तास मागे घेतला. दहा मिनिटं राहू दिली.

माझ्यात दहा वाजले तेव्हा खरे दहा कुठेच वाजलेले नव्हते. आक्रात दहाला दहा कमी, सँट्रीत अकराला दहा कमी. तरी श्रावणी बासरी घेऊन टेबलाशी बसली होती, शेजारी आजी. मोबाइल माझ्या पाठीला टेकवलेला. फोन लावायला दहा मिनिटं होती म्हणून ती नुसतीच वाट बघत होती.

तेवढ्यात फोन तिकडूनच आला. मागे ढोल वाजत होते.

"बाबा, यू आर अर्ली," ती म्हणाली.

"अर्धा तास झाला इथं बसलोय," नरेश म्हणाला.

आजीने माझ्याकडे पाहून मान हलवली. श्रावणीने वाजवलं. दोनदा अडखळली, पुन्हा पहिल्यापासून घेतलं, शेवटपर्यंत गेली. तिकडे अबेनाबाईंनी टाळ्या वाजवल्याचं मला ऐकू आलं.

तर असा मी. सँट्रीत राहतो आणि जी वेळ दाखवतो ती सँट्रीची नाही, आक्राचीही नाही, जगातल्या कोणत्याच गावाची नाही. ऑक्टोबरात हे लोक आपला तास परत घेतील तेव्हा सगळं घर आपोआप माझ्यापर्यंत येईल, फक्त दहा मिनिटं मागे. हे सारं कशासाठी, मला अजून कळलेलं नाही आणि आता कळेल अशी आशाही नाही. तुम्ही कधी त्या घरी गेलात आणि श्रावणीच्या टेबलावर मी दिसलो, तर एवढं करा. मला बरोबर करू नका. तिचा बाबा पुढच्या महिन्यात परत आक्राला जाणार आहे.