देव उठले तेव्हा मी सुरूच होतो

मी ‘मानक्रम’ बोलतोय. माझे नाव आपल्या कानावर आले नसेल, कारण मी मुळात बंदच असतो. छापायच्या लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवणारी ‘अक्षता’ नावाची एक संगणकप्रणाली आहे. तिच्या ‘प्रायोगिक’ कप्प्यात माझा मुक्काम. माझ्या नावापुढच्या चौकटीत कोणी खूण केली, तरच मी जागा होतो. एकदा मात्र कोणी खूण न करताच मी जागा झालो, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

आधी एक खुलासा करणे योग्य ठरेल. मला कान नाहीत. परंतु मला लिहिणाऱ्या मुलीला एक सवय होती: माझ्यात कोणताही बदल केला, की तो का केला आणि त्या वेळी कोण काय म्हणाले, हे ती माझ्याच ओळींच्या वर टिप्पणी म्हणून लिहून ठेवी. संगणक अशा टिप्पण्या वाचत नाही. मी वाचतो.

‘अक्षता’चे जनक नंदकिशोर सर. बालाघाटच्या एका महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत. आसपासच्या छापखान्यांना मराठी आणि हिंदी पत्रिका एकाच ठिकाणी जुळवता याव्यात, म्हणून त्यांनी ही प्रणाली लिहिली आणि सर्वांना खुली करून टाकली. कोणीही तिच्या आत लिहिलेल्या सूचना वाचाव्यात, बदलाव्यात, सुधारणा परत पाठवावी. लोकांनी हे फारच मनावर घेतले. लामत्याहून एकाने डोळे मिचकावणारा गणपती पाठवला. छापील कागदावर तो डोळे कसे मिचकावणार, हे त्याने कळवले नव्हते. दुसऱ्या एकाने पाहुण्यांच्या संख्येवरून तांदूळ किती भिजवावे, हे सांगणारा भाग धाडला.

सरांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नसे. ते म्हणत, “राहू द्या, प्रायोगिकमध्ये टाकू.” त्यामुळे आमचा कप्पा मंगल कार्यालयातल्या सामानाच्या खोलीसारखा भरलेला असे.

मात्र सरांचा एक नियम कडक होता. आषाढी एकादशीला देव झोपतात, तेव्हापासून लग्ने बंद. त्या चातुर्मासात हवे तितके प्रयोग करावेत. कार्तिकात देव उठले, तुळशीचे लग्न लागले, की छापखान्यांची धांदल सुरू होते. मग एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. सर म्हणत, “देव झोपलेले आहेत तोवर चुका. उठल्यावर चुकाल तर वऱ्हाड तुम्हाला सोडणार नाही.” प्रायोगिक भागाला स्थिर आवृत्तीत जायचे असेल, तर त्याला एक पालक हवा आणि त्या पालकाने ‘हा बरोबर आहे, घ्या’ असे म्हणायला हवे, हा दुसरा नियम.

मला लिहिले वल्लरीने. ती नागपूरला संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. सुट्टीत घरी आली, तेव्हा चुलतभावाच्या पत्रिकेवर कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून घरात आठवडाभर अबोला चालला होता. तिने ठरवले की हे काम यंत्राने करावे. यंत्राला कोणी पक्षपाती म्हणणार नाही. नातेवाइकांची नावे आणि वये भरा, मी ती मानाने लावून देईन. मान म्हणजे वय, अशी तिची सरळ समजूत होती, आणि अर्थात माझीही.

मला स्थिर आवृत्तीत जायचे होते. माझी दुसरी कोणतीही इच्छा नव्हती. वल्लरीचीही तीच.

ते २००५ साल होते. सरांनी आदल्या वर्षी एक सोय केली होती. ठरलेल्या तारखेपर्यंत त्यांचा संगणक चाचणीची तबकडी (सीडी) तयार करी, तीत आम्ही सारे प्रायोगिक भाग जागे असू. त्या तारखेनंतर स्थिर तबकडी निघे, तीत आम्ही झोपलेले. परंतु आदल्या वर्षी अधिक महिना आला होता आणि देव उशिरा उठले होते. या वर्षी ते लवकर उठले. तारीख बदलायची राहून गेली, आणि देव उठले तरी संगणक चाचणीचीच तबकडी काढत राहिला.

कटंगीचे घनश्यामभाऊ छापखाना चालवत. ते नवी तबकडी न्यायला आले, सरांनी विश्वासाने दिली. घनश्यामभाऊंनी तीवर पहिली पत्रिका जुळवली ती स्वतःच्या मुलीची, मंजूची. नावे भरली, वये भरली. एक वय मात्र रिकामे ठेवले.

ते होते मंजूच्या आत्याच्या यजमानांचे. पुनाराम त्यांचे नाव. परसवाड्याला राहत, आणि सारे त्यांना फुफाजी म्हणत. रिकाम्या जागेचे काय करावे, हे वल्लरीने मला सांगितले नव्हते. मी तिला शून्य समजलो. शून्य वयाच्या माणसाची जागा कोठे असते, हे मला पक्के ठाऊक होते.

पत्रिका छापून झाली. घनश्यामभाऊंनी देवांची नावे तपासली, मुहूर्त तपासला, वरपक्षाचे आडनाव तर दोनदा तपासले. तळाची लेकरांची ओळ कोणी तपासत नाही, ती नेहमीच तशी असते. त्या ओळीत लिहिले होते: ‘आमच्या मंजूताईच्या लग्नाला यायचं बरं का. चिंकी, गोलू, पुनाराम.’

हळदीचे बोट लावलेली पत्रिका परसवाड्याला पोचली आणि कटंगीत फोन वाजला.

“घनश्याम, लग्नाले येतो का नाही, ते गोलूले विचारून सांगतो,” फुफाजी म्हणाले. “आमी दोघं एकाच ओळीत हावो.”

घनश्यामभाऊ तडक बालाघाटला आले. “सर, जवाईबापू रुसले. तुमच्या मशीननं त्यायले लेकरायच्यात बसवलं.”

“शक्य नाही. प्रायोगिक भाग आता बंद असतात. देव उठले की…” सरांनी संगणकात भरलेली तारीख उघडून पाहिली.

“देव उठून बसले, सर. तुमचं कॅलेंडर झोपूनच हाय.”

मुलीच्या लग्नात घराण्याचा थोर जावईच नसेल, तर घनश्यामभाऊंना गावात तोंड दाखवता येणार नव्हते. मला कायमचे पुसून टाकण्याचे बोलणेही त्याच बैठकीत निघाले. सरांनी वल्लरीला नागपूरहून बोलावून घेतले आणि तिघे परसवाड्याला गेले.

फुफाजी दारातच बसले होते. “या. पोट्टे खेळाले गेले, म्हणून मी एकटाच हाव.”

“फुफाजी, गलती माझी आहे,” वल्लरी म्हणाली. “तुमचं वय भरलेलं नव्हतं, अन् मी रिकाम्याला शून्य धरलं.”

“काहून नव्हतं भरलं?”

“तुमाले वय विचाराची हिंमत कोणात हाय, जवाईबापू?” घनश्यामभाऊ म्हणाले.

“हे बरोबर बोलला. अन् भरलं असतं तं?”

वल्लरीला खोटे बोलता येत नसे. “तर तुम्ही घनश्यामकाकाजींच्या खाली आले असते. ते मोठे आहेत.”

“जवाई साळ्याच्या खाली?” फुफाजींनी सरांकडे पाहिले. “या मशीनचं लगन झालेलं दिसत नाही.”

चंपाबाई, म्हणजे मंजूची आत्या, चहा घेऊन आली आणि भावाला हळूच म्हणाली, “घाई नोको करू. जरा वेळ रुसू दे त्यायले. लय सालांनी कोणी मनवाले आलं.”

फुफाजी लग्नाला आले. एवढेच नव्हे, ती पत्रिका खिशात घालून आले आणि मांडवात ज्याला त्याला दाखवत राहिले: “मी पुनाराम. लेकरायकडून.”

मला कोणी पुसले नाही. उलट पुढच्या चातुर्मासात फुफाजी माझे पालक झाले. परसवाड्याहून बसने येत, सरांच्या बैठकीत बसत आणि वल्लरीला एकेक गोष्ट शिकवत: थोरला जावई कोठे, धाकटा कोठे, मामाला कोणत्या बाजूने डावलता येत नाही. ती ते माझ्यात लिही. श्रावण संपेतो मी चुकेनासा झालो. या वेळी सरांनी संगणकाशेजारी नवे पंचांग टांगले होते.

देव उठायच्या आदल्या दिवशी वल्लरीने विचारले, “सर, आता घ्यायचं ना आत?”

“पालकांना विचारू,” सर म्हणाले.

फुफाजींनी माझा शेवटचा क्रम वरपासून खालपर्यंत वाचला. “सारं बरोबर हाय. म्हणूनच आत घेऊ नोका.”

“काहून, फुफाजी? साल लागलं मला.”

“मशीननं आपसूक मान देला, तं घरच्यायनं काय देला? मांगच्या साली तुमी तिघं माह्या दारी आलते. हे बरोबर असतं, तं कोण आलं असतं?”

सरांनी नव्या पंचांगावर एक नजर टाकली. मग म्हणाले, “प्रायोगिकच राहू द्या.”

वल्लरी तिथून उठून घरी गेली. तिने फोन घेतला नाही, पत्राला उत्तर दिले नाही. मग एका संध्याकाळी सर आणि फुफाजी तिच्या दारी जाऊन उभे राहिले. फुफाजींनी आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याला हळदीचे बोट लावलेले होते. त्या दिवसाच्या टिप्पणीच्या शेवटी वल्लरीने स्वतःचे असे एकच वाक्य लिहिले आहे: ‘आता कळले.’

त्यानंतर तिने माझ्यात एक नवी ओळ लिहिली, तेवढीच उचलली आणि सरांच्या संमतीने स्थिर आवृत्तीत नेऊन ठेवली. वय रिकामे असो वा भरलेले, पत्रिका पूर्ण होण्याआधी प्रणाली थांबते आणि विचारते: ‘नावांचा हा क्रम घरच्यांना दाखवला का?’

बाकीचा मी आजही त्याच कप्प्यात आहे, डोळे मिचकावणाऱ्या गणपतीच्या शेजारी. माझी तक्रार नाही. आपल्या घरी कार्य निघाले आणि पडद्यावर तो प्रश्न उमटला, तर एक विनंती आहे. चिडू नका, आणि न विचारताच ‘होय’ दाबू नका. उठून शेजारच्या खोलीत जा, तिथे कोणीतरी रुसायच्या तयारीत बसलेले असेल. आपण परत येईपर्यंत, त्या एका ओळीपुरता, मी सुरूच असेन.